लहान पल्ल्याचा ताफा बदलताना विमान कंपन्या उत्पादकच का बदलतात?

आकाशवाट

एकाच जातीची विमानं ठेवली की पायलट, इंजिनियर, सुटे भाग, सिम्युलेटर सगळं एकच पुरतं आणि खर्च वाचतो, असं विमान कंपन्यांबद्दल कुठेही वाचलं तरी सापडतं. मग ताफा नवा करायची वेळ आली की अनेक कंपन्या नेमका उत्पादकच का बदलतात?

एअर फ्रान्स-केएलएम गटाने डिसेंबर २०२१ मध्ये एअरबसच्या ए३२०निओ मालिकेतली १०० विमानं मागवली आणि आणखी ६० चा हक्क राखून ठेवला. केएलएम आणि गटातल्या दोन्ही ट्रान्साव्हिया यांची बोइंग ७३७ त्यामुळे जाणार. क्वांटासने मे २०२२ मध्ये बोइंगच्या ७३७ आणि ७१७ च्या जागी एअरबसची २० ए३२१एक्सएलआर आणि २० ए२२०-३०० पक्की केली. जेट२ ही ७३७ वाली कंपनी. तिने ऑगस्ट २०२१ मध्ये ३६ ए३२१निओ घेतली. बरं, सगळे एकाच दिशेने जाताहेत असंही नाही. अलीजिएंटकडे फक्त एअरबस होती, तिने जानेवारी २०२२ मध्ये बोइंगची ५० ७३७ मॅक्स मागवली.

म्हणजे वर्षानुवर्षं जमवलेली घडी मोडायला या कंपन्या तयार होतात. बदलाचा खरा खर्च किती असतो? तो सवलतीतून भरून निघतो, की कारण तांत्रिक असतं? जाणकारांनी आकड्यांसह सांगावं.

हिशेबनीस

तुम्ही तुलना ज्या दोन गोष्टींची करताय, तिथेच गोंधळ आहे. "जुनी ७३७ तशीच ठेवू" आणि "नवी निओ घेऊ" असे दोन पर्याय कंपनीपुढे नसतातच. जुनी विमानं जाणारच असतात. पर्याय असतो तो ७३७-८०० वरून तिच्याच नव्या पिढीच्या मॅक्सवर जायचं की एअरबसच्या निओवर. बदलाचा खर्च दोन्ही वाटांवर आहे, एका वाटेवर थोडा जास्त.

७३७-८०० ला सीएफएम५६ इंजिन आहे, मॅक्सला लीप-१बी. जुन्या इंजिनाची राखीव इंजिनं, ती ठेवायचे स्टँड, इंजिनाच्या आत बघायच्या बोअरस्कोपचे जोड, दुरुस्तीचे करार, यातलं जवळपास काहीच नव्याला लागू पडत नाही. आणि लहान पल्ल्याच्या विमानाच्या देखभालीत सगळ्यात जास्त पैसा इंजिनच खातं. त्यामुळे त्याच उत्पादकाकडे राहून जी बचत होईल असं वाटतं, तिचा मोठा हिस्सा पिढी बदलताक्षणी गेलेला असतो. उरतं काय, तर पायलटांचं टाइप रेटिंग (त्या जातीचं विमान उडवायची परवानगी), बॉडी आणि प्रणालींचे सुटे भाग, हँगरमधल्या माणसांचा बसलेला हात. हे कमी आहे असं मी म्हणत नाही. पण ही एकदाच भरायची रक्कम आहे, आणि विमान १५ ते २० वर्षं राहणार आहे.

गणित मांडून बघा. समजा ६० विमानांच्या ताफ्याला उत्पादक बदलण्याचा जास्तीचा खर्च एकूण ९ कोटी डॉलर आला. विमानामागे पडले १५ लाख. एअरबसने २०१८ मध्ये शेवटची किंमतयादी जाहीर केली, तिच्यात ए३२०निओची किंमत ११.०६ कोटी डॉलर होती. १५ लाख म्हणजे त्याच्या दीड टक्क्याहूनही कमी. मोठी मागणी असली की यादीतल्या किमतीवर निम्म्याच्या आसपास सवलत मिळते, हे या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहे. समोरच्या उत्पादकाने सवलतीत दीड टक्का वाढवला की तुमची भिंत पडली.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. तुम्ही कधीच सोडून जाणार नाही हे सध्याच्या उत्पादकाला माहीत असेल, तर तो किंमत कशाला उतरवेल? अमेरिकन एअरलाइन्सने जुलै २०११ मध्ये ४६० विमानांची मागणी दिली, त्यातली २६० एअरबसला आणि २०० बोइंगला. तोवर बोइंग नवं छोटं विमान काढायचं की जुन्यालाच नवं इंजिन बसवायचं यावर घुटमळत होती. या मागणीतली १०० विमानं नव्या इंजिनाच्या ७३७ ची होती, आणि पुढच्याच महिन्यात मॅक्सची अधिकृत घोषणा झाली. एक ग्राहक हलला तर उत्पादकाचा कार्यक्रम बदलतो, इतकं या धमकीचं वजन आहे.

ईझीजेटने २००२ मध्ये ७३७ सोडून १२० ए३१९ निवडली, तेव्हाही एअरबसने बोइंगचा पक्का ग्राहक फोडण्यासाठी किमतीत मोठी सूट दिली होती.

किंमत म्हणजे फक्त विमानाचा भाव नव्हे. दरवर्षीची भाववाढ मजुरी आणि कच्च्या मालाच्या निर्देशांकांना बांधलेली असते. तिच्यावर कमाल मर्यादा मिळाली तर पाच वर्षांनी येणाऱ्या विमानावर मोठा फरक पडतो. आगाऊ हप्ते किती आणि कधी भरायचे, ए३२० चं ए३२१ करून घ्यायचा हक्क किती महिने आधीपर्यंत वापरता येईल, इंधन आणि देखभाल-खर्चाच्या हमीत चूक झाली तर भरपाई कशी, किती पायलट आणि इंजिनियर फुकट शिकवून मिळणार, सुट्या भागांसाठी किती रुपयांचं क्रेडिट, जुनी विमानं विकायला उत्पादक हात देणार का, हे सगळं एकत्र तोललं जातं. निओच्या बाबतीत इंजिनाचा करार वेगळा होतो आणि तिथे आणखी एक बोली लागते.

डावी सीट

वरचं गणित पटतं, पण ते ९ कोटी ज्या वस्तूंचे बनतात त्यांतली सगळ्यात अवघड वस्तू पैशाने लगेच विकत मिळत नाही. ती म्हणजे पायलटांचा वेळ.

लहान पल्ल्याच्या विमानामागे साधारण १० ते १२ पायलट लागतात. ११ धरा; ६० विमानांना ६६० पायलट, म्हणजे ३३० जोड्या. ७३७ वरून ए३२० वर जायचं तर पूर्ण टाइप रेटिंग. साधारण दोन आठवडे वर्ग आणि संगणकावरचा अभ्यास, मग स्थिर ट्रेनरवर कार्यपद्धती, मग हालचाल असलेल्या फुल फ्लाइट सिम्युलेटरवर चार-चार तासांची आठ-दहा सत्रं, परीक्षा, आणि त्यानंतर प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणं. एका जोडीला १० सत्रं धरली तर ३,३०० सत्रं झाली. एक सिम्युलेटर दिवसाला २० तास, म्हणजे पाच सत्रं, वर्षाला ३४० दिवस चालवला तर १,७०० सत्रं देतो. नुसत्या बदलालाच जवळजवळ दोन सिम्युलेटर-वर्षं लागली.

आता नेहमीची सहामाही तपासणी यात मिळवा. दर सहा महिन्यांनी दोन सत्रं, म्हणजे जोडीमागे वर्षाला चार. ३३० जोड्यांना १,३२०. बदल तीन वर्षांत करायचा ठरवला तर तिसऱ्या वर्षी नव्या जातीच्या सिम्युलेटरवर बदलाची १,१०० आणि आधीच बदलून झालेल्यांच्या तपासणीची आणखी जवळपास तेवढीच सत्रं येतात. १,७०० च्या क्षमतेवर २,२०० सत्रांचा बोजा. ती वरची पाचशे सत्रं दुसऱ्याच्या सिम्युलेटरवर, बहुतेक रात्री दोनच्या वेळेला, भाड्याने घ्यावी लागतात. आणि जुन्या जातीचा सिम्युलेटर शेवटच्या ७३७ पर्यंत बंद करता येत नाही.

प्रत्येक पायलट सरासरी दोन महिने कामावरून बाहेर राहिला तर १,३२० पायलट-महिने, म्हणजे ११० पायलट-वर्षं. तीन वर्षांत वाटली तर सतत ३६-३७ माणसं जास्तीची हवीत. हा आकडा आधी भरती करून तयार ठेवला नाही, तर पहिल्याच उन्हाळी वेळापत्रकात उड्डाणं रद्द होतात.

बारीक अडचणी वेगळ्याच. नव्या जातीवर नुकतेच आलेले कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर एकत्र बसवता येत नाहीत, दोघांपैकी एकाकडे त्या जातीचे ठरावीक तास लागतात. सुरुवातीला तर तसे कोणाकडेच नसतात. म्हणून पहिली तुकडी प्रशिक्षकांचीच करावी लागते, आणि तेच लोक जुन्या जातीवर शिकवायला कमी पडतात. दुसरी अडचण म्हणजे विमान उशिरा आलं तर. पायलट तयार आहे, विमान नाही. ९० दिवसांत तीन उड्डाणं-उतराई झाली नाहीत की प्रवासी घेऊन उडता येत नाही, ती सिम्युलेटरवर करून घ्यावी लागतात, म्हणजे पुन्हा तीच अपुरी सत्रं. तो परत ७३७ वर पाठवता येईल का? कागदावर येतो, पण दोन आठवड्यांपूर्वी सोडलेल्या सवयी परत चढवून घेणं कोणताही शहाणा प्रशिक्षण विभाग टाळतो.

सवयींचंही सांगतो. ७३७ मध्ये ऑटोथ्रॉटल चालू असताना थ्रस्ट लिव्हर हाताखाली हलतात. एअरबसमध्ये ते एका खाचेत स्थिर राहतात आणि ताकद किती आहे ते पडद्यावर वाचावं लागतं. ७३७ मध्ये ट्रिम (विमान तोललेलं ठेवणं) पायलट करतो, एअरबसमध्ये विमान स्वतः करतं. ७३७ चे दोन्ही योक (चालकदांडे) यांत्रिकरीत्या जोडलेले असल्याने शेजारी काय करतोय हे हाताला कळतं. एअरबसच्या साइडस्टिकमध्ये कळत नाही, दोघांनी एकाच वेळी हलवली तर आवाजी सूचना येते. बिघाड झाला की ७३७ मध्ये दिवे बघून छापील यादी उघडायची, एअरबसमध्ये ईकॅम पडद्यावर पायऱ्या ओळीने येतात आणि त्या कोणी, कधी, किती वाचायच्या याची शिस्त अगदी वेगळी आहे. वीस वर्षं ७३७ उडवलेल्या माणसाला उडवणं अवघड जात नाही. अवघड जाते ती ही शिस्त, आणि सत्रंही तिच्यावरच जास्त खर्च होतात.

एक गैरसमजही दूर करतो. ए३१९ ते ए३२१ एकच रेटिंग आहे, पण ए२२० त्यात नाही. ते मुळात बॉम्बार्डियरचं सी-सिरीज. ए३२० वाल्या कंपनीने ए२२० घेतलं तर पायलटांच्या हिशेबाने ती जात बदलणंच असतं, शेपटीवर नाव एकाच उत्पादकाचं असलं तरी. दुसरीकडे ज्यांच्याकडे लांब पल्ल्याला ए३३० आहे त्यांना ए३२० चा जोडफायदा मिळतो: ए३२० चा पायलट ए३३० वर न्यायला एअरबसचा कोर्स कामाच्या आठ दिवसांचा आहे. एसएएसने २०१८ मध्ये ५० ए३२०निओ मागवून सगळा ताफा एअरबसचा करायचं ठरवलं, त्यात लहान-मोठ्या पल्ल्याची ही सांगड महत्त्वाची होती.

हँगरपाळी

इंजिनाबद्दल हिशेबनीस यांनी जे लिहिलं त्याला जोड देतो, कारण माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो.

मॅक्सला एकच इंजिन, लीप-१बी. निओला दोन पर्याय, लीप-१ए किंवा प्रॅट अँड व्हिटनीचं गियर्ड टर्बोफॅन. नावं सारखी असली तरी १ए आणि १बी ही इंजिनं एकमेकांची बदली नाहीत. १ए च्या पंख्याचा व्यास १.९८ मीटर, १बी चा १.७६. ७३७ चं मूळ डिझाइन साठच्या दशकातलं, जमिनीला जवळ बसणारं. पंखाखाली जास्त जागाच नाही. गियर्ड टर्बोफॅनचा पंखा तर २.०६ मीटरचा. मोठा पंखा, जास्त बायपास (गाभ्याबाहेरून जाणारी हवा), इंधन कमी. बोइंगने बाकी विमान हलकं ठेवून हा फरक बराचसा भरून काढला आहे, त्यामुळे नुसत्या इंधनावर कोणी जिंकत नाही. दोघेही मागच्या पिढीपेक्षा साधारण १५ टक्क्यांची बचत दाखवतात.

दोन इंजिनांत स्पर्धा असते म्हणून तासावारी देखभालीचा दर खाली येतो. पण पर्याय आला की चुकीच्या निवडीचा धोकाही आला. जुलै २०२३ मध्ये प्रॅटची मालक कंपनी आरटीएक्सने जाहीर केलं की प्रॅटच्या इंजिनातल्या काही चकत्यांच्या धातूच्या पावडरीत दोष आहे आणि तडे जाण्याचा धोका आहे. सप्टेंबरात आकडे आले: २०२६ पर्यंत ६०० ते ७०० इंजिनं ठरल्या वेळेआधी उतरवायची, आणि एक इंजिन पंखावरून निघून परत पंखावर यायला २५० ते ३०० दिवस. विमान उत्तम, नवं, आणि इंजिनाविना मोकळ्या मैदानात उभं. ज्या कंपनीचा सगळा ताफा एकाच इंजिनावर होता तिला पळायला जागा उरली नाही. एकजिनसी ताफ्याचा हा धोका त्याच्या फायद्यांच्या यादीत कोणी लिहीत नाही.

माणसांचं म्हणाल तर लायसन्सवर नवी जात चढवावी लागते. युरोपीय नियमांत ३० टनांवरच्या विमानासाठी यांत्रिकी शाखेच्या बी१ इंजिनियरला किमान १५० तासांचा वर्ग आणि वर प्रात्यक्षिक. एव्हिऑनिक्सच्या बी२ ला १००. आणि सही करणारा माणूस रात्रीच्या प्रत्येक पाळीत, प्रत्येक तळावर हवा. १२ तळ, रोज दोन पाळ्या, रजा-आजारपण धरून प्रत्येकी किमान चार-पाच माणसं. या हिशेबाने पहिलं विमान यायच्या आधीच ५०-६० जणांचं प्रशिक्षण झालेलं असावं लागतं. छोट्या तळांवर हे परवडत नाही, तिथे बाहेरच्या संस्थेशी करार करतात.

सुट्या भागांत सगळ्यात आधी ते भाग बघायचे, जे नसले तर विमान उडूच शकत नाही. एमईएल, म्हणजे काय बंद असतानाही विमान उडवता येतं ते सांगणारी पुस्तिका, उघडून ही यादी काढतात. चाकं, ब्रेक, इंधन आणि हवेचे व्हॉल्व्ह, काही संगणक प्रत्येक मुख्य तळावर ठेवायचे; बाकी भाग तासावारी पूलमधून (अनेक कंपन्यांच्या सामाईक साठ्यातून) घ्यायचे. राखीव इंजिन दर १० विमानांमागे एक हे पूर्वीचं माप होतं. नव्या इंजिनांचं पंखावरचं आयुष्य उष्ण, धुळीच्या भागात अपेक्षेपेक्षा कमी निघाल्यामुळे आता जास्त धरावी लागतात.

हत्यारांचा खर्च लहान दिसतो आणि नेमका तोच विसरला जातो. टो-बारचं डोकं वेगळं, जॅक वेगळे, चाक बदलायचा संच वेगळा, इंजिन उतरवायचं बूटस्ट्रॅप किट वेगळं. टो-बार नसल्यामुळे पहिल्याच रात्री विमान हँगरपर्यंत ओढता न येणं हा या बदलांतला नेहमीचा प्रकार आहे.

आकाशवाट

धन्यवाद, बरंच उलगडलं. पण मग जवळजवळ सगळे ए३२१ कडेच का वळताना दिसतात? आणि मॅक्सचे अपघात, २०१९ ची बंदी, याचा वाटा किती?

रॅम्प व पत्रक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकारात आहे, आणि मला वाटतं उत्पादक बदलण्याचं सध्याचं सगळ्यात मोठं कारण तेच.

गर्दीच्या विमानतळांवर स्लॉट (उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा) वाढत नाहीत. प्रवासी वाढवायचे तर त्याच उड्डाणात जास्त सीट हव्यात. ए३२१निओत दाटीची रचना केली तर २२०-२३० च्या पुढे सीट बसतात, कमाल परवानगी २४४ ची. बोइंगकडे त्या जागी ७३७-१० आहे, कमाल २३०; त्याची लांबी वाढवताना शेपूट जमिनीला घासू नये म्हणून मागच्या चाकांच्या पायात सुमारे २४ सेंटिमीटर वाढणारी यंत्रणा घालावी लागली. त्याच्या प्रमाणपत्राची वाट ग्राहक वर्षानुवर्षं बघत राहिले. ज्याला मोठं विमान ठरावीक वर्षी हवंच होतं त्याच्यापुढे व्यवहारात एकच नाव उरलं.

खर्चाचं उदाहरण देतो. युरोपात हवाई मार्गाचं शुल्क, अंतर तेच असलं तर, कमाल उड्डाण-वजनाला ५० टनांनी भागून त्याच्या वर्गमुळावर ठरतं. ७९ टनांच्या ए३२०निओसाठी हा गुणक १.२६; ९३.५ टनांच्या ए३२१निओसाठी १.३७. शुल्क ९ टक्क्यांनी वाढलं, सीट मात्र १८६ वरून २३२ झाल्या, म्हणजे २५ टक्क्यांनी. कॉकपिटमध्ये दोघंच. इथे एक व्यावहारिक गोष्ट सुचवतो: लहान मार्गांवर चालणाऱ्या विमानाचं प्रमाणित वजन कागदावर कमी करून घेता येतं. ९३.५ ऐवजी ८९ टनांवर नोंदवलं की गुणक १.३३ वर येतो. उत्पादकाशी करार करतानाच हे वजन वर्षातून किती वेळा बदलता येईल ते लिहून घ्यावं.

केबिन क्रूचा नियमही आकार ठरवतो: बसवलेल्या दर ५० सीटना एक. २०० सीटपर्यंत चौघं, २०१ वी सीट बसवली की पाचवा माणूस. रायनएअरच्या ७३७-८-२०० मध्ये १९७ सीट आहेत, त्या आकड्याचं मर्म हेच. ए३२१ मध्ये २०५ सीट बसवणं म्हणून वेडेपणा ठरतो. एक तर २०० वर थांबा, नाहीतर पाचव्याचा पगार निघेल इतक्या, २२० च्या पुढे जा.

जमिनीवर बघायचं तर पंखांची अडचण नाही. दोन्ही मालिका ३६ मीटरच्या आत आहेत, त्याच वर्गाच्या गेटवर बसतात. लांबीची मात्र आहे. ७३७-८०० साडेएकोणचाळीस मीटर, ए३२१ साडेचव्वेचाळीस. पाच मीटर शेपूट मागच्या सेवा-रस्त्यावर आलं तर ते गेट बाद. करार करण्याआधी प्रत्येक विमानतळाच्या प्रत्येक गेटची थांबरेषा तपासावी लागते, आणि हे काम बहुतेक वेळा करारानंतर सुरू होतं.

सामानाचा फरक मोठा आहे. ७३७ च्या पोटात बॅगा सुट्याच लागतात, माणसं आत वाकून रचतात. ए३२० मध्ये सात आणि ए३२१ मध्ये दहा छोटे कंटेनर बसू शकतात. ज्या कंपनीच्या हबवर निम्मे प्रवासी पुढची विमानं पकडतात तिला कंटेनर फार उपयोगी: पुढच्या उड्डाणाच्या बॅगा एका डब्यात, तो थेट तिकडे. पण त्यासाठी उचलणारं यंत्र हवं, रिकामे डबे परत फिरवायला हवेत, आणि पोटाच्या तळात बसवलेल्या रुळांचं वजन इंधन खातं. थेट प्रवाशांवर चालणारी स्वस्त कंपनी ए३२० घेऊनही बॅगा सुट्याच भरते, आणि तिच्यासाठी ते बरोबरच आहे.

लोकांना ए३२१ चा टर्नअराउंड, म्हणजे उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतचा वेळ, नीट मोजता येत नाही. १८० प्रवासी पुढून-मागून जिने लावून २५-३० मिनिटांत चढ-उतार होतात. २३० जण एकाच एअरोब्रिजने न्यायचे तर ४० मिनिटंही पुरत नाहीत. दिवसाला सहा फेऱ्यांचं वेळापत्रक जुन्या मिनिटांवरच ठेवलं तर संध्याकाळी तासाभराचा उशीर साचतो आणि रात्रीची संचारबंदी असलेल्या विमानतळावर शेवटची फेरी अडकते. लांब विमानातलं सामान काढताना मागचं पोट आधी रिकामं करायचं, पुढचं नंतर. उलट केलं तर मागे भार राहून नाक उचलतं.

हिशेबनीस

मॅक्सबद्दल. मार्च २०१९ ते नोव्हेंबर २०२० बंदी होती, जानेवारी २०२४ मध्ये उडत्या ७३७-९ च्या दाराच्या जागचं झाकण उडालं आणि अमेरिकेच्या एफएएने उत्पादन महिन्याला ३८ वर रोखलं. पण प्रवासी घाबरतील म्हणून उत्पादक बदलला, असं समजू नका. ब्रिटिश एअरवेजची मालक कंपनी आयएजीने बंदीच्या काळातच, जून २०१९ मध्ये, २०० मॅक्ससाठी इरादापत्र दिलं आणि मे २०२२ मध्ये ५० पक्की केली. लुफ्तान्सा गटाने डिसेंबर २०२३ मध्ये ४० मॅक्स-८ घेतली. संकटातल्या उत्पादकाकडून उत्तम भाव मिळतो हे दोघांनाही माहीत होतं.

बंदीने खरी मोडली ती तारखेवरची खात्री. भाडेपट्ट्यावरचं विमान ठरल्या दिवशी परत द्यावं लागतं. त्याआधी मोठी तपासणी करून, इंजिनात ठरलेलं आयुष्य शिल्लक ठेवून. नवं आलं नाही तर पट्टा वाढवा, आणि बाजारात टंचाई असताना पट्टेवाला, म्हणजे विमान भाडेपट्ट्याने देणारी कंपनी, भाडं वाढवूनच देतो. वर परत देण्यासाठी बांधलेल्या इंजिनावर आणखी दोन वर्षं काढायची तर एक न ठरलेली दुरुस्ती अंगावर येते. हा खर्च बदलाच्या खर्चाहून सहज मोठा होऊ शकतो.

मात्र तारखांचं दुखणं फक्त बोइंगचं नाही. ए३२० मालिकेची न दिलेली मागणी सात हजारांवर आहे. आज नव्याने रांगेत उभं राहणाऱ्याला जवळची तारीख मिळत नाही, आणि म्हणूनच काही जण उलट दिशेने बोइंगकडे जातात. अलीजिएंट जुनी एअरबस स्वस्तात विकत घेऊन चालणारी कंपनी. तिला चांगल्या भावात आणि लवकर येणारी नवी विमानं बोइंगकडे दिसली. करारात २०२३ पासून येणार होती, पहिलं आलं २०२४ मध्ये. तोवर त्यांनी तयार ठेवलेल्या पायलटांचं गणित डावी सीट यांनी वर मांडलंच आहे.

आणि दोन जाती कायमच्या ठेवणंही चुकीचं नाही. एका जातीची ५०-६० विमानं झाली की एकजिनसीपणाचे बहुतेक फायदे हाती आलेले असतात. ६० वरून १२० वर गेल्याने सुटे भाग किंवा राखीव क्रूमध्ये फार वाचत नाही. मोठ्या गटाने दोन उत्पादक ठेवून पुढच्या प्रत्येक बोलीत दोघांना खेळवणं फायद्याचं पडतं. अलास्काने मात्र व्हर्जिन अमेरिकेबरोबर आलेली एअरबस विमानं २०२३ पर्यंत काढून टाकली, कारण तिच्यासाठी तो उपताफा छोटा होता.

आकाशवाट

शेवटचं एक. समजा १८ विमानांची छोटी कंपनी आहे, सगळी ७३७-८००. तिने हे करावं का, आणि करायचं ठरलं तर कसं?

डावी सीट

१८ विमानांना साधारण २०० पायलट. इथे सिम्युलेटर विकत घेण्यात अर्थ नाही, भाड्याने घ्यायचा. म्हणून करार करण्याआधी जवळच्या प्रशिक्षण केंद्राकडून नव्या जातीची किती सत्रं कोणत्या महिन्यांत मिळतील ते लेखी घ्या. ती मिळत नसतील तर पुढचं सगळं व्यर्थ.

आणि १८ ची १८ बदलायची तयारी नसेल तर हात घालू नका. ९-९ असा ताफा सगळ्यात महाग. राखीव विमान एक पुरत होतं तिथे दोन लागतात, स्टँडबाय क्रू दोन्ही जातींचे ठेवावे लागतात, आणि एका जातीचं विमान बिघडलं तर दुसऱ्या जातीचं विमान उभं असूनही त्याचा क्रू हाताशी नसतो. म्हणून हा मधला काळ एका हिवाळ्याच्या सुरुवातीपासून पुढच्या हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत, सुमारे १८ महिन्यांत उरका. उन्हाळ्याच्या गर्दीचे महिने बदलात मोजूच नका. त्या काळात कोणालाही प्रशिक्षणाला पाठवता येत नाही.

हँगरपाळी

तळ एकेक करून बदला. एका तळावर दोन्ही जाती रात्री मुक्कामाला ठेवल्या तर दोन्हींचे भाग आणि दोन्हींची सही करणारी माणसं तिथे ठेवावी लागतात. मुख्य हँगर असलेला तळ आधी घ्या, दूरचे शेवटी.

इतक्या छोट्या ताफ्याने थेट उत्पादकाकडे जाण्यापेक्षा पट्टेवाल्याकडून घेतलेलं बरं. त्याच्या हातात जवळच्या तारखा असतात. पण मग इंजिन आणि सीट त्याने आधीच निवडलेल्या असू शकतात. दोन वेगवेगळ्या पट्टेवाल्यांकडून घेताना इंजिन एकच येतंय ना हे नक्की बघा. नऊ विमानं लीपवर आणि नऊ गियर्ड टर्बोफॅनवर आली तर बाहेरून एकजिनसी दिसणाऱ्या ताफ्याला राखीव इंजिनं, हत्यारं आणि दुरुस्तीचे करार दुहेरी लागतात.

नियामकाकडचं काम पहिल्या विमानाच्या किमान १२ महिने आधी सुरू करा: परवान्यात नवी जात, देखभाल कार्यक्रम, एमईएल, कार्यपुस्तिका, कमी दृश्यमानतेत उतरण्याची परवानगी. ही शेवटची परवानगी जुन्या जातीकडून नव्या जातीकडे आपोआप येत नाही. ती वेळेत मागितली नाही तर नवं विमान पहिल्याच हिवाळ्यात धुक्यामुळे दुसरीकडे वळवावं लागतं, आणि शेजारच्या गेटवर उतरवलेल्या जुन्या ७३७ ला त्याच धुक्यात काहीच अडचण येत नाही.